आजी बरोबर, दार चूक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी चित्रकलेचा शिक्षक. एकतीस वर्षे फळ्यावर आगगाडीचे रूळ काढले. दोन रूळ, मध्ये स्लीपर, बाजूला तारेचे खांब आणि हे सगळे दूर क्षितिजावरच्या एका ठिपक्यात जाऊन मिळालेले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना ते चित्र पाठच असायचे. जवळचे मोठे दिसते, लांबचे लहान दिसते. यथार्थदर्शन, म्हणजे इंग्रजीतले पर्स्पेक्टिव्ह, ते एवढेच. या विषयात आपल्याला कुणी चकवणार नाही असा माझा समज होता. निवृत्तीनंतर तो एका सुतारामुळे मोडला. सुताराचा त्यात काही दोष नव्हता, चूक माझीच होती. ती कशी झाली हे सांगितले, तर हल्ली घरोघरी फोनवर जे फोटो 'सरळ' केले जातात, त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहता येईल असे वाटते.

आमचे गावचे घर सातारा जिल्ह्यातले. वाडा म्हणावा इतके मोठे नव्हते, पण पुढचे दार देखणे होते. सागवानी चौकट, जाड फळ्यांची दोन दारे आणि चौकटीच्या माथ्यावर कोरीव गणेशपट्टी. घर मोडकळीला आले, भावकीत वाटण्या झाल्या, शेवटी ते उतरवले. लाकूडफाटा विकला गेला. आमच्या थोरल्या चुलतभावांनी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गणेशपट्टी तेवढी मागून घेतली आणि गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. पुढे त्याच जागेवर नवे घर बांधायला काढले, तेव्हा त्यांच्या मनात आले की पुढचे दार पूर्वीसारखेच करावे आणि माथ्यावर तीच पट्टी बसवावी.

पण दाराची मापे कुणाकडे? आजोबांच्या हिशेबाच्या वहीत एका दुरुस्तीच्या नोंदीत चौकटीची उंची सापडली, साडेसहा फूट. रुंदी नव्हती. आणि एक फोटो होता. माझ्या वडिलांनी १९७४ साली त्यांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला. दाराच्या पायरीवर आजी बसलेली आहे, मागे दार. समोर अरुंद बोळ, बोळाच्या पलीकडे शेजाऱ्यांची भिंत. मागे सरकायला जागा नाही, म्हणून वडील डाव्या बाजूला, शेजाऱ्यांच्या जोत्याला टेकून उभे राहिले असावेत. त्यामुळे दार तिरके आलेले. डावीकडचा खांब उंच, उजवीकडचा आखूड, वरची कड उजवीकडे उतरत गेलेली.

आप्पांचा फोन आला. "तुला ते कॉम्प्युटरवरचे येते ना? मग दार सरळ करून दे. सुताराला समोरून चित्र पाहिजे."

आता हे तिरकेपण येते कुठून? कॅमेऱ्यातली फिल्म, किंवा हल्लीचा सेन्सर, आणि समोरची भिंत एकमेकांना समांतर असतील तर चौकोन चौकोनच राहतो. कॅमेऱ्याने मान वर केली, की इमारतीचा पाया जवळ राहतो आणि माथा लांब जातो. लांबचे लहान, म्हणून उभ्या कडा वर जाताना एकमेकींजवळ येतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी वाटते. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर समोरच्या पदपथावर उभे राहून विश्रामबागवाड्याचा लाकडी नक्षीचा दर्शनी भाग फोटोत बसवायचा प्रयत्न करा, लगेच अनुभव येईल. यात भिंगाचा दोष नाही. आपल्या डोळ्यांनाही तसेच दिसत असते, पण दार चौकोनी आहे हे मनाला ठाऊक असल्यामुळे आपण ते मनातल्या मनात सरळ करून घेतो. फोटोला चार सरळ कडा असतात, त्या कडांशेजारी तिरकेपण उघडे पडते.

यावर जुने उपाय होते. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात मान वर न करता भिंगच तेवढे वर सरकवता येई. आणि डार्करूममध्ये फोटो मोठा करताना खालचा कागद एका बाजूने उचलून तिरका धरला, की तिरक्याला तिरके मारून कडा सरळ होत. थिओडोर शाइम्फ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी कॅप्टनने बलूनमधून घेतलेले जमिनीचे तिरके फोटो नकाशासारखे सपाट करण्यासाठी हीच कल्पना पद्धतशीर मांडली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले. म्हणजे संगणकाने हे काही नवीन शोधून काढलेले नाही.

संगणकावर मात्र ते फार सोपे झाले. साधे क्रॉप म्हणजे कात्रीने चौकोन कापणे. पर्स्पेक्टिव्ह क्रॉपमध्ये त्या चौकोनाचे चारही कोपरे सुटे असतात. आपण एकेक कोपरा ओढून फोटोतल्या तिरक्या दाराच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचा आणि एंटर दाबायचे. दार काटकोनात येते, बाहेरचा भाग कापला जातो. फोटोशॉपमध्ये पूर्वी क्रॉपच्याच हत्यारात त्यासाठी एक खूण करायची चौकट असे. २०१२ साली आलेल्या सीएस-६ पासून ते वेगळे हत्यार झाले. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही पर्स्पेक्टिव्हचे हत्यार आहे, त्यात दिशा 'करेक्टिव्ह' ठेवायची. फोनवर कागद स्कॅन करणारी अ‍ॅप्स हेच काम करतात, कोपरे मात्र स्वतःच शोधतात.

आतले गणित अवघड असले तरी त्याची गोष्ट सोपी आहे. चार कोपरे, प्रत्येकाचे आडवे आणि उभे असे दोन आकडे, एकूण आठ. तिरक्या चौकोनाचा सरळ चौकोन करण्याच्या सूत्रात अज्ञात संख्याही आठच असतात. म्हणून चार कोपरे पुरतात, तीन पुरत नाहीत. या सूत्राने सरळ रेषा सरळच राहते, पण अंतरांचे प्रमाण बदलते. तिरक्या फोटोत दाराचा मध्य पट्टीने मोजून काढाल तर चुकाल, कारण लांबचा अर्धा भाग लहान दिसत असतो. तिथे दोन कर्ण काढायचे. ते जिथे एकमेकांना छेदतात तो खरा मध्य. फळ्यावर हे मी शेकडो वेळा शिकवले आहे.

तर मी फोटो स्कॅन केला आणि कोपरे लावायला बसलो. तीन कोपरे चांगले दिसत होते. चौथा, उजवीकडचा खालचा, आजीच्या लुगड्याआड गेलेला. पण चौकटीच्या कडा पुढे वाढवून तो कुठे असेल हे ठरवता आले. एंटर दाबले आणि दार समोर उभे राहिले. खरे सांगतो, अंगावर काटा आला. पन्नास वर्षांपूर्वीचे दार, अगदी समोरून. आजीही छान दिसत होती, जशी होती तशी. मी प्रिंट काढून आप्पांना पाठवली. त्यांनी सुताराला दिली.

सुताराने हिशेब बरोबर केला. प्रिंटमध्ये चौकट १७.३ सेंटिमीटर उंच, खरी उंची ७८ इंच, म्हणजे एका सेंटिमीटरला साडेचार इंच. प्रिंटमध्ये रुंदी १० सेंटिमीटर, म्हणून खरी रुंदी ४५ इंच. सागवान कापले, चौकट उभी केली. मग चांगला दिवस पाहून आप्पांनी माळ्यावरून गणेशपट्टी काढली, गोधडी सोडली, आणि सुताराने ती चौकटीवर धरली.

त्याचा फोन मला आला. "सर, पट्टी बसत नाही. दोन्ही अंगांनी साडेचार-साडेचार इंच बाहेर येतेय."

मागून आप्पांचा आवाज येत होता. सुताराने विचारले होते, की दोन्ही टोके थोडी कापायची का, नक्षीच्या शेवटच्या वेलबुट्ट्या जातील, पण गणपतीला धक्का लागणार नाही. आप्पा त्याला काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखे नाही. मी एवढेच म्हणालो, "कुणी कशाला हात लावू नका," आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावी गेलो.

पट्टी मी स्वतः मोजली. लांबी ५४ इंच, उंची ९ इंच. म्हणजे सहास एक. प्रिंटमध्ये तीच पट्टी १० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर उंच. पाचास एक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दार सरळ झाले होते, पण बरोबर झाले नव्हते. ते एका बाजूने दाबलेले होते.

तिरके उभे राहून फोटो काढला की दोन गोष्टी होतात. लांबची कड लहान होते, ती दिसते आणि खटकते. पण भिंतीची एकूण रुंदीही आक्रसते, आणि ती खटकत नाही. पुस्तक हातात धरून हळूहळू फिरवा. समोरून रुंद दिसणारे मुखपृष्ठ अरुंद होत होत शेवटी नुसता कणा दिसतो. ढोबळमानाने सांगायचे तर भिंतीच्या अगदी समोरून ३० अंश बाजूला गेलात तर रुंदी सुमारे ८७ टक्के दिसते, ४५ अंशांवर ७१ टक्के आणि ६० अंशांवर निम्मी. चार कोपऱ्यांचे क्रॉप पहिला दोष काढते. दुसऱ्याबद्दल त्याला काही माहीतच नसते. चौकोन किती रुंद, किती उंच हे त्याला कुणी सांगितले नाही, तर ते फोटोतल्याच लांबी-रुंदीवरून काहीतरी अंदाज धरते. आणि तो अंदाज दिसायला इतका सभ्य असतो, की शंका येत नाही.

मग मला शंका का आली नाही? आजीमुळे. माणूस म्हणजे भिंत नव्हे, त्याला जाडी असते. डावीकडून पाहिले म्हणून माणूस अरुंद होत नाही. त्यामुळे मूळ फोटोत आजी ठीक होती आणि सरळ केलेल्या फोटोतही बरीचशी ठीकच दिसली. डोळ्याला सगळ्यात आधी माणूस कळतो. आजी बरोबर आहे, म्हणजे सगळेच बरोबर आहे असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात आजी बरोबर दिसत होती, म्हणजेच दार चुकले होते. दोन्ही एका वेळी बरोबर येणे शक्यच नव्हते. पर्स्पेक्टिव्ह क्रॉप फक्त एका सपाट पातळीपुरते खरे असते. ज्या पातळीवर तुम्ही चार कोपरे ठेवले तेवढीच सरळ होते. तिच्या पुढे आलेले किंवा मागे असलेले सगळे ओढले जाते. विश्रामबागवाड्याचा फोटो कितीही सरळ करा, पुढे आलेला सज्जा खालूनच पाहिल्यासारखा दिसत राहणार.

दुरुस्ती सोपी निघाली, कारण गणेशपट्टी चौकटीच्याच पातळीवर बसवलेली होती. तिचे प्रमाण पाचाऐवजी सहा व्हायला हवे, म्हणजे सगळ्या चित्राची रुंदी १२० टक्के करायची, उंची तशीच ठेवायची. चौकट १२ सेंटिमीटर झाली, साडेचारने गुणले की ५४ इंच. पट्टी जेवढी लांब तेवढीच चौकट. फोटोशॉपच्या हत्यारात रुंदी आणि उंचीचे आकडे भरायला जागा असतेच; ती मी रिकामी सोडली होती. सुताराचे दोन उभे खांब वाचले. वरचे आणि खालचे आडवे लाकूड मात्र नवीन घ्यावे लागले. त्याचे पैसे मी देऊ केले, आप्पांनी घेतले नाहीत, पण बोलून दाखवले.

नव्या प्रिंटमध्ये दार खरे झाले आणि आजी रुंद झाली. वहिनींनी पाहताच म्हटले, "अहो भावजी, आत्याबाई एवढ्या जाड कधीच नव्हत्या!" आमच्या वहिनी या आजीच्या भाचीचीच मुलगी, त्यामुळे हा मान आजीला सगळीकडून मिळतो.

घरी आल्यावर मी थोडे वाचन केले. फोटोवरून इमारत मोजणे ही जर्मनीतली एकोणिसाव्या शतकातली कल्पना आहे. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुतज्ज्ञ १८५८ साली वेट्झलार या गावच्या मोठ्या चर्चची मापे घ्यायला चढला होता. तिथून तो पडता पडता वाचला. तेव्हा त्याच्या मनात आले, की वर चढून हाताने मोजण्यापेक्षा फोटोवरून का मोजू नये? पुढे १८८५ साली बर्लिनमध्ये त्याच्या देखरेखीखाली या कामासाठी सरकारी संस्था निघाली आणि तिने इमारतींच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह जमवल्या. दुसऱ्या महायुद्धात पडझड झालेल्या काही वास्तू पुन्हा उभारताना त्यांचा उपयोग झाला.

मायडेनबाउअरचे कॅमेरे साधे नव्हते. भिंगापासून काचेचे अंतर कायम ठेवलेले आणि मोजलेले असे, आणि चित्राचा मध्य कुठे ते दाखवणाऱ्या खुणा चित्रावरच उमटत. या दोन गोष्टी ठाऊक असतील तर तिरक्या फोटोवरूनही चौकोनाचे खरे प्रमाण गणिताने काढता येते. म्हणजे मी जे पट्टी मोजून मिळवले ते आकडेमोडीनेही मिळाले असते. पण माझ्याकडची प्रिंट स्टुडिओत मोठी करताना कडेने कापलेली होती. निगेटिव्ह कधीच हरवली. मूळ चित्राचा मध्य कुठे होता हे आता कळायला मार्ग नाही. म्हणून एक कळकळीने सांगतो: फोटो सरळ करण्याआधी तो कापू नका. आणि सरळ केलेला वेगळ्या नावाने साठवा, मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्या. कापलेला तुकडा आपल्याला निरुपयोगी वाटतो, पण मध्य ओळखायचा तो त्या तुकड्यासकट.

आणखी काही गोष्टी अनुभवाने कळल्या. स्वस्त भिंगाच्या फोटोत कडेच्या सरळ रेषा किंचित धनुष्यासारख्या वाकतात. चार कोपऱ्यांच्या गणिताला ते कळत नाही, ते रेषा सरळच आहेत असे गृहीत धरते. म्हणून भिंगाचा बाक आधी काढायचा, मग तिरकेपण, आणि क्रॉप सगळ्यात शेवटी. कोपरे ठेवताना चित्र मोठे करून पाहायचे, आणि शक्य तेवढे लांब-लांबचे कोपरे निवडायचे. लहानशा खिडकीचे कोपरे धरून अख्खी भिंत सरळ करायला गेलात तर तिथली केसाएवढी चूक टोकाला जाऊन बोटभर होते.

लांबची बाजू ताणली जाते हेही विसरू नये. जवळची कड २४०० पिक्सेल आणि लांबची १६०० असेल, तर दोन्ही सारख्या करताना लांबची दीडपट ताणली जाते. मधले पिक्सेल सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडे बघून भरते, त्यामुळे ती बाजू पुसट दिसते. शिलालेखाचा फोटो असेल तर नेमकी तिथलीच अक्षरे वाचायची असतात. त्याला इलाज म्हणजे होता होईल तो समोरून फोटो घेणे, आणि घेताना चारी बाजूंनी मोकळी जागा सोडणे, कारण सरळ करताना कडेचे पाचर कापले जातातच. उंच इमारतीच्या बाबतीत माझे मत असे, की ती पूर्ण सरळ करू नये. खालून पाहणाऱ्याला थोडे निमुळतेपण अपेक्षित असते. ते सगळे काढले की इमारत वरून जड, अंगावर येणारी वाटते. पण हे झाले बघण्यापुरते. मोजायचे असेल तर हा नियम लागू नाही.

मोजायचे असेल तर एकच करा. कुणी जुन्या घराचा, दाराचा, भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढत असेल, तर त्याच पातळीवर, भिंतीला चिकटवून, एक फूटपट्टी आडवी आणि एक उभी धरायला कुणाला तरी सांगा. हातात पुढे धरलेली चालणार नाही, ती भिंतीला टेकलेलीच हवी. फोटो दिसायला बिघडतो. तसा एक फोटो पट्टीसकट घ्या आणि एक पट्टीशिवाय.

आप्पांचे दार झाले. पट्टी बसली, एक सूतही इकडेतिकडे नाही. सुताराकडे १२० टक्क्यांची प्रिंट आहे, ती त्याने कारखान्यात खिळ्याला अडकवली आहे. दिवाणखान्यात मात्र आप्पांनी वडिलांचा मूळ तिरका फोटो लावला, दार उतरते आणि आजी जशीच्या तशी.